४३ अंशांचं गणित

पदवीदानाचे दिवस आले की सोलापूरच्या पेपरांत आतल्या पानांवर पीएच.डी. मिळाल्याच्या बातम्या दिसू लागतात. फोटो, मार्गदर्शकांचं नाव, आईवडिलांचा उल्लेख आणि मधे कुठंतरी प्रबंधाचं शीर्षक. ते बहुधा ‘फेराइट नॅनोकणांचे संश्लेषण व जैववैद्यकीय उपयोजन’ किंवा ‘अरेषीय आंशिक विकलक समीकरणांची उकल’ अशा धाटणीचं असतं. घरचे पेढे वाटतात, गल्लीतले अभिनंदन करतात, पण त्या शीर्षकाचा अर्थ कुणी विचारत नाही. विचारलाच तर पोरगी म्हणते, “नॅनोवर आहे, मावशी,” आणि विषय तिथंच संपतो.

हे मला फार खटकतं. त्या शीर्षकांच्या मागे जे चाललंय ते कुणालाही समजू शकतं, आणि समजलं तर मन लावून ऐकावंसं वाटतं. वैद्यक, नॅनोपदार्थ आणि उच्च गणित ही तीन वेगळ्या इमारतींत बसणारी खाती वाटतात. पण कर्करोगावरची एक उपचारपद्धत अशी आहे की तिच्यात या तिघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही. चुंबकाला ओढले जाणारे अतिसूक्ष्म कण गाठीत सोडायचे, बाहेरून वेगानं दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं, आणि त्या कणांच्या उष्णतेनं गाठ आतून तापवायची. तिला चुंबकीय हायपरथर्मिया म्हणतात.

आधी तापवायचं किती ते बघू. आकडा सोलापूरकरांच्या ओळखीचा आहे: ४३ अंश सेल्सिअस.

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ च्या आसपास जातो. दुपारी नवी पेठेतून चालत गेलात तरी तुमच्या शरीराच्या आतलं तापमान ३७ च्या जवळच राहतं. घाम वाळतो आणि कातडी गार होते, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग रक्ताचा. एखादी जागा तापली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, जास्त रक्त येतं आणि उष्णता उचलून घेऊन जातं. निरोगी अवयवाला हे जमतं. कर्करोगाच्या गाठीला नीट जमत नाही, कारण तिच्यातल्या रक्तवाहिन्या घाईघाईत, वेड्यावाकड्या वाढलेल्या असतात. काही ठिकाणी गळक्या, काही ठिकाणी अर्ध्यावर बंद. त्यामुळं तीच उष्णता गाठीत साचून राहते. सगळा उपचार या फरकावर उभा आहे.

गाठ खरोखरच ४३ अंशांवर तासभर राहिली तर पेशीतली प्रथिनं आपला आकार गमावू लागतात. किरणोपचारानं पेशीच्या डीएनएला पडलेल्या भेगा बुजवणारी यंत्रणाही ढिली पडते. म्हणून उष्णता एकटी फारशी वापरत नाहीत, किरणोपचाराच्या किंवा केमोथेरपीच्या जोडीला वापरतात. ही नुसती कल्पना नाही. नेदरलँड्समध्ये १९९० ते १९९६ या काळात ओटीपोटातल्या कर्करोगांच्या ३५८ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. त्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या स्त्रियांना फक्त किरणोपचार मिळाले, त्यांतल्या २७ टक्के तीन वर्षांनी हयात होत्या. किरणोपचाराबरोबर उष्णताही मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ५१ टक्के होतं. त्या चाचणीत नॅनोकण नव्हते, बाहेरून रेडिओलहरींनी तापवलं होतं. पण उष्णतेला किती किंमत आहे ते तिनं दाखवलं.

गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या जिल्ह्याला नवा नाही. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली आपल्याच बार्शीत सुरू झाली. बार्शीबरोबर शेजारच्या परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावागावांतून कुणाला कोणता कर्करोग झाला याची नोंद तिथं ठेवली जाते. तोवर देशातले कर्करोगाचे आकडे मोठ्या शहरांतलेच होते. खेड्यातल्या बाईच्या आजाराचा हिशोब नीट ठेवायला बार्शीनं शिकवलं, हे आपण पुरेसं सांगत नाही.

आता ४३ या आकड्यामागचं गणित. सपारेटो आणि ड्यूई या दोघांनी १९८४ मध्ये उष्णतेचा ‘डोस’ मोजायची एक रीत मांडली. ४३ अंशांवर किती मिनिटं, हे त्यांनी एकक धरलं. ४३ च्या वर दर अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो, आणि ४३ च्या खाली दर अंशाला चौपट. म्हणजे ४३ वर ६० मिनिटांनी जे साधतं ते ४४ वर ३० मिनिटांत आणि ४५ वर १५ मिनिटांत साधतं. पण ४२ वर तेवढ्यासाठी २४० मिनिटं, चार तास लागतात.

हे उलटं मांडून बघा. एका तासाच्या बैठकीत गाठीचा अर्धा भाग ४४ वर गेला आणि अर्धा ४२ वर राहिला. सरासरी निघाली ४३, कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात गरम अर्ध्याला १२० मिनिटांचा डोस मिळाला आणि थंड अर्ध्याला फक्त १५ मिनिटांचा. आठपटीचा फरक, आणि त्या थंड अर्ध्यातूनच गाठ पुन्हा वाढणार. म्हणून या क्षेत्रातले डॉक्टर सरासरीवर विसंबत नाहीत. मोजलेल्या जागांपैकी नव्वद टक्के जागा ज्या तापमानाच्या वर आहेत ते तापमान ते बघतात. गाठीतला सगळ्यात थंड कोपरा शोधणं हे इथलं खरं काम आहे, आणि नॅनोकण व गणित दोन्ही त्यासाठीच लागतात.

रेडिओलहरींनी बाहेरून तापवताना वाटेतली कातडी, चरबी, स्नायू सगळंच तापतं. कण गाठीच्या आत असले तर उष्णता तिथंच तयार होते. शिवाय शे-दोनशे किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला लाख-दोन लाख आवर्तनांच्या, चुंबकीय क्षेत्राला शरीर जवळजवळ पारदर्शक असतं.

हे कण बनवायची सगळ्यात रुळलेली रीत महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही करता येते. फेरस क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड एकास दोन या प्रमाणात पाण्यात विरघळवायचं. पाण्यात विरलेला ऑक्सिजन आड येऊ नये म्हणून नायट्रोजनचे बुडबुडे सोडत राहायचे. द्रावण पिवळसर तपकिरी दिसतं. ढवळत ढवळत त्यात अमोनिया थेंबाथेंबानं सोडला की डोळ्यांदेखत ते काळं पडतं. हे काळं म्हणजे मॅग्नेटाइट, लोहाचं एक चुंबकीय ऑक्साइड. बीकरच्या काचेला बाहेरून चुंबक टेकवला की काळा गाळ त्या बाजूला सरकून भिंतीला चिकटतो आणि वरचं पाणी नितळ होतं. ते ओतायचं, ऊर्ध्वपातित पाणी घालायचं, पुन्हा चुंबक लावायचा. पीएच उदासीन होईपर्यंत हे धुणं चालतं. नव्या विद्यार्थ्याला इथंच कंटाळा येतो आणि इथंच घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं, कारण उरलेला क्षार पुढं कणांचे गठ्ठे करतो.

वाळवलेली पूड मग क्ष-किरणांखाली जाते. पोरं ‘एक्सआरडी टाकली’ म्हणतात ती ही. आलेखावर जी टोकं दिसतात ती जितकी पसरट, तितके स्फटिक लहान. पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये दिलेल्या सूत्रात टोकाची रुंदी घातली की स्फटिकाचा आकार मिळतो, समजा १२ नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात. तांबड्या रक्तपेशीची रुंदी सात-आठ हजार नॅनोमीटर असते, म्हणजे तिच्या एका व्यासावर असे सहाशेच्या आसपास कण ओळीनं बसतील.

एवढं लहान कशाला? लोखंडाच्या मोठ्या तुकड्यात चुंबकत्वाचे अनेक कप्पे असतात, प्रत्येकाची दिशा निराळी. कण पुरेसा लहान झाला की त्यात एकच कप्पा उरतो आणि अख्खा कण एका छोट्या चुंबकासारखा वागतो. आणखी लहान झाला की खोलीच्या तापमानाची उष्णताच त्या चुंबकाची दिशा सारखी उलटीपालटी करत राहते. बाहेरचं क्षेत्र बंद केलं की कणांत चुंबकत्व शिल्लक राहत नाही, त्यामुळं ते एकमेकांना चिकटून रक्तवाहिनी तुंबवत नाहीत. या गुणाला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात, आणि शरीरात सोडायच्या कणांसाठी तो सोन्यासारखा आहे.

कणाला दिशा उलटवायला लागणारा वेळ त्याच्या आकारमानावर अवलंबून असतो. हे अवलंबून असणं साध्या पटीतलं नसतं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांच्या सूत्रात आकारमान घातांकात बसलेलं आहे. व्यास दुप्पट केला तर आकारमान आठपट होतं. समजा लहान कणाचा घातांक अडीच होता, तर मोठ्याचा वीस झाला. ‘ई’ या संख्येचा (सुमारे २.७१८) अडीचावा घात साधारण १२ येतो. विसावा घात येतो सुमारे ४८ कोटी. व्यास फक्त दुप्पट झाला, आणि वेळ बारापटीवरून अठ्ठेचाळीस कोटीपटीवर गेला! कणाचा हा वेळ आणि बाहेरच्या क्षेत्राची वारंवारिता यांची सांगड बसली तरच उष्णता भरपूर मिळते. क्षेत्र १०० किलोहर्ट्झचं असेल तर हा वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट-पावणेदोनपट हवा. मॅग्नेटाइटसाठी त्याचा अर्थ होतो पंधराएक नॅनोमीटरच्या आसपासचा कण. दोन नॅनोमीटर इकडं किंवा तिकडं झालं की उष्णता झपाट्यानं कमी होते. २००२ मध्ये रोझेन्स्वाइग यांनी हे सगळं एका सूत्रात बांधून दाखवलं, आणि त्यानंतर या विषयातलं काम कितीतरी नेमकं झालं.

म्हणूनच शेररच्या सूत्रातून निघालेला ‘१२ नॅनोमीटर’ हा एक आकडा पुरत नाही. पुडीत ८ चेही असतील, १८ चेही असतील. त्यांची वाटणी कशी आहे ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो कण मोजून काढावं लागतं. घातांकाच्या गावात सरासरी कामाला येत नाही.

कण झाले. ते गाठीपर्यंत न्यायचे कसे? यावर फार बढाया मारल्या जातात म्हणून स्पष्ट सांगतो. शिरेतून टोचलेले नॅनोकण नेमके गाठीत जाऊन बसतात ही समजूत बरीच वर्षं चालली. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला. बहुतेक प्रयोग उंदरांवरचे होते. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणारा भाग, मध्यक (सगळे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधला) काढला तर, ०.७ टक्के निघाला. बाकीचे कुठं जातात? रक्तात शिरताच कणांभोवती प्रथिनांचा थर चढतो. यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी तो थर ओळखतात आणि कण गिळून टाकतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा डेक्स्ट्रानचं आवरण दिलं तर थोडा वेळ चकवा देता येतो, एवढंच. म्हणून तापवण्याच्या उपचारात कण बहुतेक वेळा सुईनं थेट गाठीतच सोडतात.

लोह शरीरात साठून राहिलं तर, ही भीतीही रास्त आहे. मॅग्नेटाइटच्या बाबतीत दिलासा असा की शरीर हे कण हळूहळू विरघळवतं आणि ते लोह आपल्या नेहमीच्या साठ्यात घेतं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या रक्तक्षयासाठी लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांचं एक औषध अमेरिकेत २००९ पासून मान्य आहे. कोबाल्ट मिसळलेल्या फेराइटची, म्हणजे तशाच चुंबकीय लोह-ऑक्साइडची, गोष्ट मात्र वेगळी. ते जास्त तापतं, पण कोबाल्ट पेशींना विषारी असतं. नुसता उष्णतेचा आकडा मोठा आला म्हणून त्याला ‘जैववैद्यकीय’ म्हणू नये असं माझं ठाम मत आहे.

आता गणित, ज्याला घाबरून लोक पान उलटतात. जोसेफ फूरिये यांनी १८२२ मध्ये उष्णता पदार्थातून कशी पसरते याचं समीकरण मांडलं. त्यात जिवंत शरीर नव्हतं. ते आणलं हॅरी पेनेस यांनी, १९४८ मध्ये. माणसांच्या कोपराखालच्या हातात तापमान मोजणाऱ्या बारीक तारा आरपार ओवून, कातडीपासून हाताच्या गाभ्यापर्यंत कुठं किती तापमान आहे ते त्यांनी मोजलं आणि फूरियेच्या समीकरणात रक्ताचं पद जोडलं. शब्दांत ते असं वाचता येतं: एखाद्या बिंदूचं तापमान किती वेगानं बदलतंय ते ठरतं शेजारून झिरपलेल्या उष्णतेवर, पेशींनी स्वतः तयार केलेल्या उष्णतेवर आणि कणांनी दिलेल्या उष्णतेवर, आणि या सगळ्यातून रक्तानं वाहून नेलेली वजा करायची. रक्त किती नेतं ते त्या जागेच्या आणि रक्ताच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात.

समीकरण एका ओळीचं आहे, पण उकल ओळीत मावत नाही. रक्तप्रवाह तापमानाबरोबर स्वतःच बदलतो, म्हणजे ज्या संख्येनं गुणायचं तीच उत्तरावर अवलंबून. समीकरण अरेषीय झालं. प्रबंधाच्या शीर्षकातला तो भीतीदायक शब्द इथून येतो. शिवाय गाठ काही गोल चेंडू नसते. मग सीटी स्कॅनवरून तिचा आकार घ्यायचा, लाखभर लहान चौफलकांत तो कापायचा, प्रत्येकासाठी समीकरण लिहायचं आणि संगणकाकडून सगळी एकदम सोडवून घ्यायची. सोलापुरात अभियांत्रिकीची पोरं पुलाच्या तुळईवर येणारा ताण काढायला जी फाइनाइट एलिमेंट पद्धत शिकतात, तीच ही.

एवढं करूनही हा सरळ प्रश्न झाला: कण इथं आहेत, तर तापमान किती? डॉक्टरला हवा असतो उलटा प्रश्न. गाठीचा प्रत्येक कोपरा ४३ च्या वर आणि शेजारचा निरोगी भाग ४१ च्या खाली राहायला हवा, तर सुई कुठं कुठं टोचू आणि किती कण सोडू? शेंगाची चटणी चाखून लसणाच्या पाकळ्या किती, जिरं किती, तिखट कोणतं आणि शेंगा किती वेळ भाजल्या हे सांगण्यासारखं आहे ते. दोन निरनिराळ्या प्रमाणांची चव सारखी लागू शकते, आणि जिभेच्या जराशा चुकीनं हिशोब पार बदलू शकतो. उष्णता पसरताना सगळे बारकावे पुसत जाते, म्हणून मागं जाणं अवघड. झाक अदामार यांनी १९०२ मध्ये चांगल्या प्रश्नाच्या अटी सांगितल्या होत्या: उत्तर असावं, एकच असावं, आणि माहितीत किंचित बदल झाला तर उत्तरही किंचितच बदलावं. उलट्या प्रश्नांत यातली तिसरी अट बहुधा मोडते. रशियन गणिती तिखोनोव यांनी १९६० च्या दशकात यावर जो तोडगा काढला, तो आज सीटी स्कॅनपासून भूकंपशास्त्रापर्यंत सगळीकडं वापरतात. उत्तर फार वेडंवाकडं असेल तर त्याला दंड लावायचा आणि जुळणी व साधेपणा यांच्यात तोल साधायचा.

आणखी एक मर्यादा गणितानंच आखून दिलीय. चुंबकीय क्षेत्र हवं तेवढं वाढवता येत नाही, कारण ते कण नसलेल्या निरोगी भागातही विजेचे भोवरे तयार करतं आणि त्यांनी तोही तापतो. हे तापणं क्षेत्राची तीव्रता आणि वारंवारिता यांच्या गुणाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि अवयवाच्या त्रिज्येच्या वर्गाच्याही. म्हणून डोक्याला जेवढं क्षेत्र सोसतं तेवढं पोटाला सोसत नाही. १९८० च्या दशकात ब्रेझोविच यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून या गुणाकाराची मर्यादा काढली. मीटरला अँपिअर आणि हर्ट्झ या एककांत ती साडेअठ्ठेचाळीस कोटी येते. शोधनिबंधात कुणी याच्या कितीतरी पट क्षेत्र वापरून ‘आमचे कण दोन मिनिटांत ४३ अंशांवर गेले’ असं लिहिलं असेल, तर ते परीक्षानळीपुरतं खरं असतं, रुग्णासाठी नाही.

रुग्णांपर्यंत हा उपचार पोचलाय का? पोचलाय, पण थोडाच. जर्मनीत ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णांवर किरणोपचाराबरोबर तो वापरला गेला आणि निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार उलटलेल्या ५९ रुग्णांत, उलटल्याचं कळल्यापासूनचं आयुर्मान मध्यकानं १३.४ महिने निघालं. जुन्या आकड्यांपेक्षा ते बरं होतं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून यावरून ‘सिद्ध झालं’ म्हणता येत नाही. या रुग्णांच्या डोक्याजवळचे धातूचे दात-भराव आधी काढावे लागले, आणि कणांमुळं नंतर त्या जागेचं एमआरआय नीट दिसत नव्हतं. घरात कुणाला कर्करोग असेल तर आजही शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधं यांचाच आधार घ्यायचा आहे. नॅनोच्या नावावर कुणी पैसे मागत असेल तर सरळ उठून यायचं.

मग सोलापुरातल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यानं यात काय करावं? एका जिल्ह्यासाठी २००४ मध्ये उभं राहिलेलं आपलं विद्यापीठ, १९६३ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय आणि बार्शीची नोंदणी, सगळं एका जिल्ह्यात आहे. महागडं यंत्र न लागणारं आणि तरी जगाला हवं असलेलं काम यातच पडून आहे. कणांची तापवण्याची ताकद एका ग्रॅममागं किती वॅट अशी सांगतात. ती काढायची रीत साधी वाटते: क्षेत्र सुरू करायचं, नळीतल्या द्रवाचं तापमान सेकंदागणिक लिहायचं आणि सुरुवातीच्या रेषेचा चढ मोजायचा. युरोपात २१ प्रयोगशाळांना एकसारखे नमुने देऊन हेच करायला सांगितलं. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. प्रत्येक प्रयोगशाळेचे स्वतःचे आकडे स्वतःशी जुळत होते, पण एकमेकींत ३० ते ४० टक्क्यांचा फरक होता.

आकडे बिघडण्याच्या जागा बारीक आहेत. तापमापक नळीच्या मधोमध आहे की वर, नळीभोवतीचं आवरण उष्णता किती गळू देतं, आणि मुख्य म्हणजे ‘सुरुवातीची रेषा’ म्हणजे पहिले दहा सेकंद, तीस सेकंद की मिनिटभर. पहिल्या काही सेकंदांत द्रव अजून नीट मिसळलेला नसतो, आणि मिनिटानंतर उष्णता गळू लागून रेष वाकते. ती वाकलेली रेष फेकून न देता, गळती धरून सगळ्या वक्राला समीकरण बसवायचं आणि उत्तराबरोबर त्याची त्रुटीही छापायची, एवढं काम भौतिकशास्त्राच्या आणि गणिताच्या दोन विद्यार्थ्यांनी एका टेबलावर बसून करण्यासारखं आहे. क्षेत्र लावायची सोय असली की त्यासाठी लागतो एक तापमापक, एक संगणक आणि क्षेत्र बंद केल्यावर नळी थंड होईपर्यंत नोंदी चालू ठेवायचा धीर, कारण गळती किती ते त्या थंड होण्याच्या वक्रातूनच कळतं.